लेकरू कडेवर, रोजची गाडी

आपला बुलढाणा जिल्हा दोन पायऱ्यांचा आहे. एक पायरी घाटावरची, दुसरी घाटाखालची. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. मिळून तेरा तालुके झाले. जिल्ह्याची कचेरी वर आहे. रेल्वे खाली आहे. कापसाचा जुना बाजार खामगावला, तोही खालीच. म्हणून आपल्या माणसांना रोज चढउतार करावी लागते.

या माणसांत बायाही आहेत. सकाळी कोणत्याही फाट्यावर जाऊन पाहा. कोणी शाळेत शिकवायला निघालेली असते. कोणी दवाखान्यात कामाला, कोणी जिनिंगमध्ये, कोणी परगावच्या शेतात कापूस वेचायला. त्यांतल्या एखादीच्या कडेवर तान्हे लेकरू असते. घरी ठेवायला माणूस नाही. लेकरू अंगावर पिते. मग त्याला बरोबर न्यावेच लागते.

अशा मायबहिणींसाठी हा पाठ आहे. आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांसाठीही आहे.

गाडीत काय होते?

गाडी सुरू होते. थोडा वेळ लेकरू टुकूटुकू पाहते. मग कुरकुरते. मग टाहो फोडते. माय त्याला खांद्यावर घेते, थोपटते, हलवते. ते काही थांबत नाही. आता सगळी गाडी तिच्याकडे पाहू लागते.

"बाई, गप कर ना वं लेकराले!"

"काऊन आणतं एवढ्या लहान्या लेकराले गाडीत?"

"दृष्ट लागली असंन."

जो तो बोलतो. बोलत नाही ती एकटी माय. तिला घाम फुटतो. तिला वाटते, आपल्यालाच लेकरू सांभाळता येत नाही. हे एका दिवसाचे नाही. रोज जाताना आणि रोज येताना हेच. काही बाया यापायी काम सोडतात. घरात येणारा पैसा बंद होतो. काही बाया लेकराला गप्प करायला नको ते औषध पाजतात. त्यात जिवाला धोका असतो. म्हणून हा विषय लहान नाही.

रडणे म्हणजे बोलणे

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही, अशी म्हण आहे. ती आपण मोठ्यांच्या कामासाठी वापरतो. पण तिच्यात लेकराची खरी गोष्ट आहे. तान्ह्या लेकराला शब्द नसतात. त्याला काही हवे असले की ते रडते. रडणे हीच त्याची भाषा.

तेव्हा "याला गप्प कसे करू?" असे विचारू नका. "हा काय सांगतो आहे?" असे विचारा. प्रश्न बदलला की हात बरोबर जागी जातात.

एकामागून एक पाच गोष्टी पाहा.

पहिली, भूक. लेकरू तोंड इकडेतिकडे फिरवते, मूठ चोखते. ही भुकेची खूण आहे. रडणे त्याच्या नंतर येते. खूण दिसताच पाजायला घ्या.

दुसरी, ओले लंगोट. हात लावून पाहा.

तिसरी, उकाडा किंवा गारठा. मानेमागे हात लावा. मान घामेजलेली असेल तर कुंची काढा. हातपाय थोडे गार लागले तरी घाबरू नका. छाती आणि पाठ गार लागली तर पांघरूण घाला.

चौथी, झोप. डोळे चोळते, तोंड फिरवते, खेळणे नको म्हणते. अशा वेळी त्याला हसवायला जाऊ नका. आणखी चिडते. तोंड आपल्या छातीकडे वळवा आणि हळू थोपटा.

पाचवी, पोटातला वारा. दूध पिताना हवा पोटात जाते. लेकराला खांद्यावर उभे धरा, पाठीवरून हात फिरवा, ढेकर काढा.

दृष्ट काढायची असेल तर घरी गेल्यावर काढा. मनाचे समाधान होईल. पण आधी लंगोट पाहा.

कधी कधी पाचही गोष्टी पाहून होतात, तरी लेकरू रडते. त्यात मायेचा दोष नसतो. जन्मल्यानंतर दीड-दोन महिन्यांच्या सुमारास लेकरे सर्वांत जास्त रडतात. तीन-चार महिन्यांनंतर हे रडणे आपोआप कमी होत जाते. हे दिवस जाणारे आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी धीर येतो.

घाटातले रडणे

मलकापूरहून मोताळ्यावरून बुलढाण्याला यायचे तर राजूर घाट लागतो. खामगावहून यायचे तर बोथ्याचा घाट लागतो. सपाटीवर निजलेले लेकरू घाटात जागे होऊन रडते, असे पुष्कळ बाया सांगतात. त्याला कारण असू शकते.

घाट चढता-उतरताना हवेचा दाब बदलतो. आपल्याही कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो आणि कान मोकळा होतो. घशातून कानाकडे एक बारीक नळी जाते. गिळताना ती उघडते. लेकराला हे कळत नाही. त्याचा कान दाटतो आणि ते रडते.

यावर उपाय सोपा आहे. घाट सुरू होताना लेकराला पाजायला घ्या. ते घोट घेते, कान मोकळा होतो. सर्दी झाली असली की कान जास्त दुखतो. कानातून पाणी किंवा पू येत असेल तर घरचे तेल टाकू नका. दवाखान्यात दाखवा.

रात्रीच तयारी करा

सकाळी घाई असते. घाईत माय चिडते, आणि मायेचा राग लेकराला आधी कळतो. म्हणून पिशवी रात्रीच भरून ठेवा.

पिशवीत चार-पाच लंगोट घ्या. दोन जुनी मऊ दुपटी घ्या. ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी घ्या. एक टोपडे, एक जास्तीचे झबले, पुसायला धडपा. मायेसाठी एक जास्तीचा पोलका आणि पाण्याची बाटली. लेकराच्या लसीचे कार्डही पिशवीतच राहू द्या. वाटेत दवाखान्यात जायची वेळ आली तर ते कामी येते.

लेकरू सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला फक्त अंगावरचे दूध द्या. पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही नको. दुधातच त्याचे पाणी असते. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा आणि आपण स्वतः भरपूर पाणी प्या.

सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर मऊ जेवण सुरू करा. प्रवासात केळ सर्वांत सोयीचे. साल आपल्या हाताने काढायची, कुस्करून भरवायचे. पण धावत्या गाडीत फुटाणे, शेंगदाणे, गोळी असे काही लेकराच्या तोंडात घालू नका. धक्का बसला की दाणा श्वासाच्या नळीत जातो. कोणी प्रेमाने देऊ लागले तरी हात जोडून नको म्हणा. एक वर्षाच्या आत मधही चाटवू नका.

लेकरू घरी आजीपाशी ठेवणार असाल तर दूध काढून ठेवता येते. हात साबणाने धुवा. झाकणाची वाटी उकळून घ्या. हवा थंड असेल तर ते दूध चार तास चालते. कडक उन्हाळ्यात इतका वेळ भरवसा ठेवू नका. दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. रबरी बुचाची बाटली नीट साफ होत नाही. तिच्यामुळे हगवण लागते.

गाडीत कोठे बसावे?

मागच्या चाकाच्या मागे बाक असले की धक्के जास्त बसतात. जमेल तर मधल्या बाकावर बसा. ऊन कोणत्या बाजूने येणार ते आधी पाहा आणि दुसऱ्या बाजूला बसा. लेकराचे डोके किंवा हात खिडकीबाहेर जाऊ देऊ नका.

लेकराला धडप्याने छातीशी बांधले तर हात मोकळे राहतात. आईच्या छातीचे ठोके ऐकून लेकरू शांतही होते. पण त्याचे नाक-तोंड आपल्याला दिसले पाहिजे. पदराखाली पाजतानाही वारा लागू द्या.

गाडीत पाजायला लाजू नका. भुकेल्या लेकराला पाजणे यात लाजण्यासारखे काय आहे? शेजारच्या बाईला सांगा, "मावशी, जरा आडोसा करता का?" शंभरातली एखादीच नाही म्हणेल.

मायेने आपल्याकडेही पाहावे. रडणे थांबत नाही, डोके तापले, असे वाटले की लेकरू क्षणभर शेजारच्या ओळखीच्या बाईकडे द्या. दोन-चार मोठे श्वास घ्या. रागाच्या भरात लेकराला गदगदा हलवू नका. तान्ह्याची मान नाजूक असते. जोराने हलवल्याने मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो.

बाळंतपणानंतर कोणाकोणाचे मन उदास राहते. रडू येते, झोप लागत नाही, लेकरू नकोसे वाटते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस असे राहिले तर तो आजार असतो. त्याला औषध आहे. आशाताईंना सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा फोन १४४१६ हा आहे. ही सेवा २०२२ साली सुरू झाली.

हे मात्र करू नका

लेकराने झोपावे म्हणून त्याला अफू देऊ नका. खोकल्याचे औषध, गुंगीचे औषध देऊ नका.

ही चाल जुनी आहे. मुंबईत कापडाच्या गिरण्या जोरात होत्या. बाया दिवसभर साच्यावर आणि लेकरू खोलीत. ते निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला बाळगोळी म्हणत. १९२० नंतर सरकारी चौकशी झाली तेव्हा ही गोष्ट अहवालांत लिहिली गेली. त्या माया वाईट नव्हत्या. त्यांना रजा नव्हती, पाळणाघर नव्हते. पण अफूने श्वास मंद होतो. लेकरू दूध ओढत नाही, वाळत जाते. डोस थोडा जास्त झाला तर उठतच नाही. गप्प पडलेले लेकरू सुखी असतेच असे नाही.

शेतावर जाणाऱ्या बाया मालाच्या टेंपोत दाटीने बसतात. लेकरू घेऊन फाळक्यावर किंवा कडेला बसू नका. गाडी भरली असेल तर सगळ्यांनी मिळून दुसरी फेरी मागा. मोटारसायकलवर तान्ह्याला नेऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ साली केंद्र सरकारने नियम केले. मुलाला चालवणाऱ्याशी पट्ट्याने बांधले पाहिजे. नऊ महिन्यांपासून पुढे त्याच्या डोक्याला हेल्मेट पाहिजे. आणि गाडी ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जाता कामा नये.

कापसावर फवारणी झालेली असेल तर परतताना गाडीत तसेच पाजू नका. आधी हात आणि छाती साबणाने धुवा. वरचा कपडा बदला. म्हणून पिशवीत जास्तीचा पोलका सांगितला.

उन्हाळ्याचे दिवस

पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. उभ्या गाडीचा पत्रा तापतो. लेकराला बंद गाडीत एकटे पाच मिनिटेही सोडू नका. दुपारची गाडी टाळता आली तर टाळा. सुती, सैल कपडे घाला. ओल्या धडप्याने हातपाय पुसा.

टाळू खोल गेली, तोंड कोरडे पडले, सहा तास लघवी झाली नाही, लेकरू मलूल झाले किंवा दूध ओढेना, तर घरच्या उपायात वेळ घालवू नका. जवळच्या दवाखान्यात न्या. १०८ क्रमांकाला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते.

बरोबरच्या माणसांनो

आता थोडे बाकीच्यांना सांगतो. रडणारे लेकरू ऐकून तुम्हांला त्रास होतो, हे खरे. पण सर्वांत जास्त त्रास त्या मायेला होत असतो. तिला बोल लावून लेकरू शांत होत नाही.

मग काय करावे? जागा द्या. पिशवी धरा. खिडकी उघडा किंवा लावा. विडी पिऊ नका. मोबाइलवर मोठ्याने गाणे लावू नका. लेकराकडे पाहून हसा. वाहकदादांनी तिला पुढच्या दाराशी उभे ठेवू नये. तिला बसायला जागा करून द्यावी.

घरच्या पुरुषांनीही हा पाठ वाचावा. पहाटे लेकराचे लंगोट बदलणे, पिशवी भरणे, त्याला फाट्यापर्यंत नेणे ही कामे बापाला येतात. येत नसतील तर दोन दिवसांत येतील. माय स्वयंपाक करून, पाणी भरून, लेकरू घेऊन धावत गाडी गाठते. ती आधीच दमलेली असते. घरातले निम्मे काम उचलले तर गाडीतले निम्मे रडणे कमी होईल.

आपले हक्क ओळखा

बाळंतिणीला पगारी रजा मिळावी म्हणून फार जुनी धडपड आहे. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलले. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला. २०१७ साली रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली. ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी आहे. जेथे पन्नास किंवा जास्त माणसे कामाला आहेत तेथे पाळणाघर हवे, हेही तेव्हाच ठरले. मायेला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. लेकरू पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात त्याला पाजायला दोन सुट्ट्या मिळतात. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या गोष्टी घेतल्या आहेत.

पण शेतमजूर बाईला मालक एक नसतो. आज या शेतात, उद्या त्या शेतात. तिला ही रजा कोण देणार? म्हणून गावात पाळणाघर हवे. अंगणवाडीबरोबर पाळणाघर चालवण्याची सरकारची पाळणा योजना २०२२ साली आली. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले तिच्यात घेता येतात. आपल्या गावात ती यावी म्हणून ग्रामसभेत विषय मांडा. एकटीने मांडू नका. दहा जणी मिळून मांडा.

एसटीच्या तिकिटात महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मी सवलत मिळू लागली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही.

हिरकणीची गोष्ट आपण ऐकली आहे. ती रायगडावर दूध विकायला गेली. दरवाजे बंद झाले. घरी तान्हे होते. ती अंधारात कडा उतरून आली, असे सांगतात. तिच्या नावाने एसटीच्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष केले आहेत. तेथे बसून लेकराला पाजता येते. आपल्या स्थानकावर तो कोठे आहे ते विचारा. कुलूप असेल तर उघडून मागा. नसेल तर आगारात अर्ज द्या. हिरकणीचे आपण कौतुक करतो. पण रोज एखाद्या मायेला कडा उतरायला लावणे बरे नाही.

पाच जणींची जुळणी

एका गावातून पाच जणी रोज एकाच गाडीने जात असतील तर त्यांनी आपसांत बोलावे. एकीने जागा धरावी. दुसरीने पिशवी घ्यावी. लेकरू रडले तर आळीपाळीने घ्यावे. ओळखीचा चेहरा असला की लेकरू परक्याकडेही राहते. गावात एखादी विश्वासाची म्हातारी माणसे असतील तर चार-पाच लेकरे त्यांच्यापाशी ठेवता येतील का, ते पाहावे. पाचही जणींनी मिळून त्यांना मोबदला द्यावा. फुकट काम मागू नये.

माणूस लिहावाचायला शिकला म्हणजे काय होते? पाटी वाचता येते, अर्ज लिहिता येतो. पण आणखीही एक वाचन आहे. लेकराचा चेहरा वाचायचा, त्याचे रडणे वाचायचे. ते मायेला येते. आता गाडीतल्या बाकीच्यांनीही शिकायचे आहे.

बोला आणि लिहा

१. लेकरू रडले तर कोणत्या पाच गोष्टी पाहाव्यात?

२. घाटात कान का दाटतो? त्यावर उपाय काय?

३. बाळगोळी म्हणजे काय? ती का देऊ नये?

४. आपल्या बसस्थानकावर हिरकणी कक्ष आहे का? नसेल तर आगार व्यवस्थापकांना पाच ओळींचा अर्ज लिहा. खाली सर्वांनी सह्या करा. अंगठा नको, सही करा.